खुराड्यातून निघालेला विजेचा डबा

पूर्णाकर (धागाकर्ता)

मंडळी, राम राम. लेकीकडं अमेरिकेत आलोय, सहा महिन्यांचा मुक्काम. पहिले पंधरा दिवस कौतुकात गेले. मग लेक-जावई कामावर, नातू शाळेत आणि मी खिडकीत बसून खारी मोजायलो. शेवटी जावयाला कीव आली. एका शनिवारी त्यानं गाडीत घातलं आणि तासाभरावरच्या एका ट्रॉली (म्हणजे ट्राम) संग्रहालयात नेऊन सोडलं. म्हणाला, "बाबा, तुमच्या ओळखीचं काहीतरी दिसेल."

दिसलं की! पत्र्याची लांबच लांब शेड, आत रूळ, रुळांच्या मधे खड्डा, आणि दारातून शिरताच तो वास. ग्रीस, कार्बनची काळी धूळ, तापलेलं वार्निश. मुंबईच्या लोकल जिथं दुरुस्त होतात त्या कुर्ला कारशेडात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला हा वास सात समुद्रापार पण ओळखू येतो.

शेडच्या टोकाला एक लाकडी डबा उभा होता. इथं साधारण १९०० नंतर 'इंटरअर्बन' नावाच्या विजेच्या गाड्या निघाल्या होत्या. गावातून निघायचं, रस्त्याच्या कडेनं शेताशिवारातून पुढच्या गावाला जायचं, दूध-टपाल-माणसं सगळं घ्यायचं. आपल्याकडं एसटी करते तेच काम. पुढं मोटारी आल्या, पक्के रस्ते झाले, वर १९२९ नंतरची मंदी; बहुतेक लाइनी बसल्या. मग भंगारवाल्यांनी डब्यांची चाकं, विजेच्या मोटारी, तांबं काढून घेतलं, कारण पैसा त्यात. लाकडी सांगाड्याला कोण विचारतो? तो शेतकऱ्यांना चार पैशात विकला. कुणी त्यात राहिलं, कुणी अवजारं ठेवली, कुणी कोंबड्या पाळल्या.

आमच्या डब्यात कोंबड्या होत्या. पण त्या शेतकऱ्यानं डब्यावर वेगळं पत्र्याचं छप्पर टाकलं होतं, म्हणून तो वाचला. पावसाचं पाणी आत मुरलं असतं तर सरपणाशिवाय काही उरलं नसतं.

तिथं काम करणारे सगळे सत्तरीच्या पुढचे, बिनपगारी. एकानं मला विचारलं, पूर्वी काय करायचास? म्हटलं, बॉम्बे, ईएमयू (म्हणजे आपली लोकल), डीसी. त्यानं हातातलं फडकं माझ्याकडं फेकलं आणि कंट्रोलर दाखवला. तेव्हापासून आठवड्यातून दोन दिवस जातोय. डब्याचा नंबर आणि संग्रहालयाचं नाव मुद्दाम देत नाही, पुढं एक तक्रार यायची आहे.

कुणाला रस असेल तर लिहितो, नाहीतर खारी आहेतच.

गोदाकाठची

काका, लिहा लिहा. पु.भा.प्र. (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत). खुराड्याचा फोटो टाका आधी!

मीटरगेज_जालना

वा! जरा इतिहासाची भर घालतो. विजेवर गाडी चालते हे सीमेन्सनं १८७९ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात दाखवलं. ब्रायटनच्या समुद्रकाठी १८८३ ला सुरू झालेली फोक यांची छोटी विजेची रेल्वे अजून चालते. पण खरी मजा अमेरिकेत झाली. फ्रँक स्प्रेग नावाच्या माणसानं १८८८ मध्ये रिचमंडला अख्ख्या गावाची ट्राम विजेवर चालवून दाखवली. आपल्याकडं मद्रासला विजेची ट्राम १८९५ मध्ये आली, कलकत्त्याला १९०२, मुंबईला १९०७. मुंबईची ३१ मार्च १९६४ ला बंद पडली.

आणि विजेची पहिली आगगाडी म्हणजे १९३० ची दख्खनची राणी.

पूर्णाकर

जालनाकर, बाकी सगळं पक्कं, शेवटच्या वाक्याला मात्र लाल सिग्नल. पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५, व्हीटी ते कुर्ला, हार्बर मार्गानं, १५०० व्होल्ट डीसीवर. दख्खनची राणी त्यानंतर पाच वर्षांनी, १ जून १९३० ला. तिला विजेचं इंजिन ओढायचं. १९२५ ची गाडी होती ती आपली लोकल, डब्यातच मोटारी असलेली.

आणि स्प्रेगचं सांगितलंत तर पुढचं पण सांगा की. १८९७ मध्ये त्यानं शिकागोच्या उन्नत रेल्वेसाठी अशी युक्ती काढली की पाच-सहा डब्यांत मोटारी असल्या तरी सगळ्या एकाच ड्रायव्हरच्या हँडलनं एका वेळी चालाव्यात. मल्टिपल युनिट म्हणतात ती हीच. मुंबईची प्रत्येक लोकल त्यावर चालते. जालन्याहून ३० डिसेंबर २०२३ ला निघालेली वंदे भारत पण त्याच घराण्यातली, मोटारी डब्यांखालीच.

मीटरगेज_जालना

चूक कबूल. माझ्या वडिलांना मनमाड-काचीगुडा मीटरगेजशिवाय दुसरं काही ठाऊक नव्हतं, म्हणून वीज म्हटली की आमची धाव पुण्यापर्यंतच :)

रोखठोक_बीड

एक सरळ प्रश्न. कोंबड्या ठेवलेला सडका डबा नीट करायला इतकी वर्षं, इतका पैसा कशाला? आणि आपण त्याचं कौतुक का करायचं? आमच्या बीड शहरात रेल्वेसाठी डोळे लावून बसलेल्या माणसांच्या पिढ्या गेल्या.

पूर्णाकर

रोखठोक, प्रश्न बरोबर आहे, राग नाही. माझे वडील पूर्णा जंक्शनच्या इंजिन शेडला होते. वायपी, वायजी या मीटरगेजच्या वाफेच्या इंजिनांच्या राखेत आम्ही भावंडं वाढलो. नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज आली, सगळ्यांनी पेढे वाटले, मी पण वाटले. नंतर गेलो तर ज्या टर्नटेबलवर वडील इंजिन फिरवायचे ते कुठं होतं हेच मला बोटानं दाखवता येईना. इंजिन ठेवायला जागा लागते हे समजतं. पण एक हँडल, एक बिल्ला, कामाची एक वही तरी?

पैशाचं म्हणाल तर १९३९ साली अमेरिकेच्या मेन राज्यात काही तरुणांनी मिळून बिडेफर्डची ३१ नंबरची ट्राम १५० डॉलरला विकत घेतली. लाइन बंद पडत होती. ठेवायला शेड नव्हती, चालवायला वायर नव्हती. त्यातून केनेबंकपोर्टचं सीशोअर ट्रॉली म्युझियम उभं राहिलं. (मी जातो ते हे नव्हे.) सुरुवात खुळेपणाचीच होती.

आता कामाचं. गेल्या आठवड्यात रंग शोधला. बाहेरून डबा हिरवा, वर चुना. मूळ रंग कोणता? कागदात नोंद सापडली तरी 'गडद लाल' म्हणजे किती गडद? तर एक आजोबा (मी पण आजोबाच, पण ते ८४ चे) रुपयाएवढ्या जागेत पॉलिश कागद गोल गोल घासत बसले. मधे खोल, कडेला उथळ. घासून झाल्यावर ओला हात फिरवला आणि झाडाच्या बुंध्यावर असतात तशी वर्तुळं दिसली: पांढरं, हिरवं, करडं, पुन्हा हिरवं, नारिंगी, आणि सगळ्यात आत पिकलेल्या जांभळासारखा लाल. त्याखाली राखाडी अस्तर आणि लाकूड. म्हणजे हाच पहिला. तोंडाला भारी मास्क लावूनच हे काम, कारण जुन्या रंगात शिसं.

खिडकीखालची पट्टी काढली तर आत कोंबडीचं पीस. अजून पांढरं स्वच्छ. आजोबांनी ते पाकिटात घालून, तारीख टाकून ठेवलं!

गोदाकाठची

पिसाची नोंद ठेवली हे फार आवडलं. काका, मी जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचं काम करते (पैठण, सेलू वगैरे), म्हणून विचारते. लाकूड किती बदललं? आमच्याकडं मालक म्हणतात, सगळं नवं सागवान घाला, चकाचक करा. मग वाडा जुना म्हणायचा कशाला?

पूर्णाकर

ताई, तोच वाद तिथं रोज चहाला असतो. (चहा कसला, काळी कॉफी. देव त्यांना क्षमा करो.)

डब्याच्या खाली दोन्ही बाजूंनी लांब तुळया असतात, त्यांची टोकं सडली होती. डबा मधून खाली आणि टोकांना वर वाकला होता, म्हातारं घोडं दिसतं तसा. तुळयांखालून लोखंडी सळया ताणलेल्या असतात, त्यांच्या आट्या रोज थोड्या फिरवून तीन महिन्यांत डबा सरळ केला. एका दिवसात केला असता तर खिडक्या फुटल्या असत्या. सडलेली टोकं कापून नवं ओक जोडलं, पण आख्खी तुळई बदलली नाही. नवा तुकडा लावला की त्याच्या मागच्या बाजूला, दिसणार नाही तिथं, वर्ष कोरतात. उद्या कुणी उघडलं तर जुनं कुठलं, नवं कुठलं, कळावं.

छतावर कॅनव्हास. घट्ट ताणून रंगात भिजवून बसवायचा, वर पुन्हा रंगाचे हात. सुरकुती राहिली की पाणी तिथंच थांबतं. ते काम मला जमलं नाही, दोनदा हाकलून दिलं मला.

चाकं मूळची नाहीत. दुसऱ्या एका भंगारातल्या गाडीची बोगी (डबा नव्हे, खालची चाकांची चौकट) आणली आहे, काळ जवळपास तोच, मोटारी तिच्याच. काही जाणकार नाक मुरडतात. मला विचाराल तर बिनचाकाच्या डब्याला खुराडंच म्हणावं लागतं, चाकावर आला की त्याची गाडी होते.

रोखठोक_बीड

वर्ष कोरायची कल्पना पटली. पुढं?

पूर्णाकर

पुढं मोटार. आणि इथंच गाडं अडलंय. लांबण लागेल, माफ करा.

या गाड्या ६०० व्होल्ट डीसीवर चालतात. वरून दांडा वायरीला टेकतो, करंट खाली कंट्रोलरमध्ये येतो. कंट्रोलर म्हणजे ड्रायव्हरपुढं उभा लोखंडी डबा, वर पितळी हँडल. आत एक उभा ढोल, त्यावर तांब्याच्या पट्ट्या, समोर तांब्याची बोटं. हँडल एकेक खाच फिरवलं की आधी मोटारी मालिकेत (एकीमागं एक) लागतात आणि सोबत गाडीखालचे रेझिस्टन्स (करंट अडवणारे). मग रेझिस्टन्स एकेक करून गळतात. मग मोटारी समांतर होतात, पुन्हा रेझिस्टन्स, पुन्हा गळती. मुंबईत आमच्या मोटर कोचमध्ये हेच सगळं आपोआप व्हायचं, इथं ते माणसाच्या मनगटात आहे. घाई केली की मोटार भाजते, रेंगाळलं की रेझिस्टन्स लाल होतो. बोटं मी साफ केली, चार नवी बसवली, दाब मोजला. त्यात मला कुणी शिकवू नये :)

चारातली एक मोटार संग्रहालयानं बाहेर एका दुकानात रिवायंडिंगला (तार नव्यानं भरायला) दिली होती. पैसे ऐकाल तर इथं एक ट्रॅक्टर येईल. आर्मेचर (मोटारीतला फिरता भाग) परत आलं, दिसायला सुंदर, वार्निश आरशासारखं. मेगर (वीज लोखंडी अंगात गळते का ते बघायचं यंत्र) लावला, अर्थ म्हणजे गळती नाही. बसवलं, कमी व्होल्टेजवर फिरवलं, ठीक. ६०० वर थोडा लोड दिला आणि कम्युटेटरवर (आर्मेचरच्या टोकाचं तांब्याच्या पट्ट्यांचं कडं, त्यावर कार्बन घासून करंट देतात) निळी ठिणगी, फिरती. खोलून पाहिलं तर पट्ट्या काळ्या. दुकानदार म्हणतो, तुमचे कार्बन चुकीचे. आमचे म्हणतात, कार्बन तेच जे बाकीच्या तीन मोटारींना. महिना झाला, ईमेल-ईमेल चालू आहे.

मी फिटर माणूस. आर्मेचर बाद झालं की आम्ही ते वायंडिंग सेक्शनला पाठवायचो, परत आलं की बसवायचो. आतलं मला तितकं कळत नाही. कुणाला काही सुचतंय का?

लातूरचा_वायंडर

काका नमस्कार. म्या इथं नुस्ता वाचायलो होतो, पयल्यांदा लिहायलो. गंजगोलाईच्या मागं माझं मोटर वायंडिंगचं दुकान हाय, वडलांपासून. जास्त करून पाण्यातल्या मोटारी, थ्री फेज. पण ट्रॅक्टरचे सेल्फ, डायनामो बी करतो, आन साखर कारखान्याच्या मिलच्या डीसी मोटारी दोन सीझन केल्यात.

तीन गोष्टी सांगा. पोल (मोटारीतले चुंबक) किती? कार्बनचे होल्डर किती? आन काळ्या पट्ट्या एकाच जागी का समोरासमोर दोन जागी?

पूर्णाकर

पोल चार. होल्डर दोनच. आणि काळ्या पट्ट्या... थांबा, उद्या जाऊन बघतो.

पूर्णाकर

समोरासमोर! बरोबर अर्ध्या फेऱ्यावर. दोन जागी, प्रत्येकी दोन पट्ट्या, त्यांच्यामधल्या अभ्रकाची कड जळलेली. मिस्त्री, तुम्हाला लातुरात बसून कसं दिसलं?

लातूरचा_वायंडर

दिसायला काय लागतंय काका. चार पोलाला दोनच होल्डर म्हंजे वेव्ह वायंडिंग. वेव्हमध्ये शेजारच्या दोन पट्ट्यांच्या मधे एक न्हाई, दोन कॉइल येतात, अख्ख्या आर्मेचरला वळसा घालून. म्हणून एक कॉइल तुटली तर खूण दोन जागी उमटते, समोरासमोर. एकाच जागी असती तर म्या वेगळं सांगितलं असतं. कार्बन चुकीचा असता तर सगळाच कम्युटेटर काळा झाला असता.

मेगरला हे कळत न्हाई. मेगर फकस्त अर्थ बघतो. तुमची कॉइल अर्थ न्हाई, उघडी हाय. आन नव्या वायंडिंगमध्ये तार मधे तुटत न्हाई सहसा. टोक जिथं पट्टीला डाख देऊन बसवतात तिथंच सुटलं असणार. थंडीला चिटकून ऱ्हातं, म्हणून कमी व्होल्टेजला बरी फिरली. गरम झाली की सोडती.

एक काम करा. बॅटरीचा थोडा करंट आर्मेचरला द्या आन पट्टी टू पट्टी मिलिव्होल्ट बघत जा. सगळीकडं सारखा आकडा येईल, जिथं उडी मारंल तिथं तुमचा चोर.

गोदाकाठची

मी पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

मीटरगेज_जालना

वायंडरभाऊ, दंडवत. उन्हाळ्यात तुमच्या दुकानापुढं मोटारींची रांग बघितली आहे, पण हे माहीत नव्हतं.

लातूरचा_वायंडर

रांग लागते कारण व्होल्टेज न्हाई. चारशे पंधराच्या जागी तीनशे मिळतंय, मोटर करंट जास्त ओढती आन जळती. एक फेज गेला तर अजूनच लवकर. रात्री दोनला शेतकरी मोटर खांद्यावर घेऊन दारात उभा ऱ्हातो, सकाळी पाणी सुटायच्या आत पायजे म्हणतो. बाराशे आर्मेचर-स्टेटर भरले असतील ह्या हातानं. शिकवणारा कुणी सर न्हवता, फकस्त वडलांची चापट.

पूर्णाकर

मंडळी, चोर सापडला.

मी ती चाचणी सुचवली तर ८४ च्या आजोबांनी माझ्याकडं असं पाहिलं की मीच शोधून काढली. मी खरं सांगितलं: माझ्या गावाकडच्या एका माणसानं सांगितलं, तो पंपाच्या मोटारी भरतो. बॅटरी लावली, मी दोन सुया धरून एकेक पट्टी सरकत गेलो आणि आजोबा आकडे लिहीत गेले. काटा सगळीकडं एकाच जागी थरथरायचा. मग एका पट्टीला टणकन उडाला. अर्ध्या फेऱ्यानं पुन्हा. भिंग लावून पाहिलं तर टोकाभोवती केसाएवढी फट. वार्निशखाली झाकली होती.

दुकानाला फोटो पाठवले. त्यांनी चूक मान्य केली आहे, पण "आमच्याकडं पाठवा, आठ आठवडे लागतील." संग्रहालयाच्या लोकांनी ठरवलं, इथंच करू.

लातूरचा_वायंडर

काका, एकच टोक नका करू. एक सुटलं म्हंजे बाकीचे बी त्याच हातानं केलेत. सगळे बघा. आन डाख कशाचं वापरलंय ते इचारा. शिसं-कथिलाचं साधं डाख १८३ डिग्रीला वितळतं. नुस्तं कथिल २३२ ला. चढाला मोटर तापली की साधं डाख पातळ होऊन आर्मेचरच्या फिरण्यानं बाहेर फेकलं जातं. ओढायच्या मोटारीला शुद्ध कथिलच पायजे.

पूर्णाकर

शिसं मिसळलेलंच निघालं. मिस्त्री, आता तुम्हाला काय म्हणू. सगळी टोकं शुद्ध कथिलानं पुन्हा केली, पट्ट्यांमधला अभ्रक खरवडून खाली घेतला, कम्युटेटर लेथवर हलका साफ केला.

रोखठोक_बीड

लातूरच्या कोच फॅक्टरीत, जिथं वंदे भारतच्या स्लीपर गाड्या बांधायच्या म्हणतात, तिथं ह्या वायंडरभाऊंना कुणी बोलावलं का? माझा आपला सरळ प्रश्न.

लातूरचा_वायंडर

बोलावून काय करू दादा. नव्या गाड्यांच्या मोटारी एसी थ्री फेज, त्यात कम्युटेटर बी न्हाई, कार्बन बी न्हाई. खरं तर त्या माझ्या पाण्यातल्या मोटारीच्या जवळच्या :) पण तिथं जळाली तर भरत न्हाईत, बदलतात.

पूर्णाकर

अवांतर: मुंबईतली शेवटची डीसी लोकल ९ एप्रिल २०१६ च्या रात्री कुर्ल्याहून सुटली. त्यानंतर हार्बरलाही २५,००० व्होल्ट एसी. १९२५ ला जिथं डीसी सुरू झाली तिथंच संपली. आम्ही शेडमधले पाच-सहाजण फलाटावर होतो. लोक सेल्फी काढत होते, आमच्यातला एकजण पँटोग्राफकडं (छतावरून वायरीला टेकणारा सांगाडा) बघून नुसता उभा. घरी आलो तर टीव्हीवर लातूरच्या पाणीगाडीची बातमी. त्याच आठवड्यात मिरजेहून टँकरचे डबे लातूरला पोचले, पहिल्या फेरीत पाच लाख लिटर. आईला फोन केला तर म्हणाली, "तुमच्या गाड्या काय काय वाहतात रे बाबा."

लातूरचा_वायंडर

त्या उन्हाळ्यात दुकान बंद होतं काका. बोअरमध्ये पाणीच न्हाई, तर मोटर जळणार कुठून.

पूर्णाकर

काल गाडी चालली.

शेडच्या दारापासून वळणापर्यंत, सव्वाशे फूट असेल. हँडल आजोबांच्या हातात, मी मागच्या दारात दांड्याची दोरी धरून. पहिल्या खाचेला आधी काहीच नाही. मग खालून तो घरघरता आवाज, गियरचा, हळूहळू वर चढणारा, आणि डबा असा हलला जसं कुणी झोपेतून कूस बदलावी. कॉम्प्रेसर टकटक करायला लागला. तीन खाचांवर थांबलो, उतरून कम्युटेटरचं झाकण उघडलं. ठिणगीची खूण नाही. हात लावून पाहिला, कोमट.

लेकीनं व्हिडिओ काढलाय, खाली टाकतो. मागं जो "अरे बापरे" ऐकू येतो तो माझा.

गोदाकाठची

पाहिला! तीनदा! खिडकीवरचा तो जांभळी लाल रंग उन्हात काय दिसतो.

मीटरगेज_जालना

तो आवाज ऐकून अंगावर काटा आला. काका, परत आलात की पूर्णेला भेटू, टर्नटेबलची जागा आपण दोघं शोधू.

लातूरचा_वायंडर

व्हिडिओ कानाला लावून ऐकला. मोटर एकदम साफ हाय. दुसऱ्या खाचेवरनं तिसरीला जाताना बारीक झटका बसतोय, तो मोटारीचा न्हाई, कंट्रोलरच्या एका बोटाचा दाब कमी असणार. बघून घ्या. वळण किती डिग्रीचं हाय आन लोड किती आला ते बी सांगा, पण आत्ता न्हाई. आमच्याकडची डीपी जळाली, दारात चार मोटारी आल्यात.

पूर्णाकर

तिसरं बोट. मीच बसवलेलं. उद्या उघडतो.